तारांना लटकलेलं चाक

आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कोल्हापुरात शिवाजी पेठेत सायकलचं दुकान चालवायचे. दहा बाय आठची खोली, बाहेर पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो, कारण तात्या चाकाचा आउट काढायला बसले की बघत राहावंसं वाटायचं. चाक स्टँडला लावायचं, रिमजवळ खडूचा तुकडा धरायचा आणि चाक सावकाश फिरवायचं. रिम जिथे वाकडी असेल तिथे खडू लागायचा. मग तिथल्या दोन-तीन तारा चावीने अर्धा आटा पिळायच्या, दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच सैल करायच्या आणि परत फिरवायचं. चाक जुळलं की शेवटी तात्या सगळ्या तारांवरून नख फिरवायचे. तारा वाजायच्या. एखादी बद्द वाजली की ते थांबायचे. “ही कामच करंना झालीया,” म्हणायचे आणि चावी परत हातात घ्यायचे.

तार काम करत नाही म्हणजे काय, हे तेव्हा मला कळायचं नाही. तार तर जागेवरच असायची. पुढे इंजिनिअरिंगला असताना ‘लंडन आय’ या महाकाय पाळण्याचा आराखडा समोर आला आणि तात्यांचं ते वाक्य लख्ख आठवलं. जगातले बहुतेक सगळे मोठे आकाशपाळणे म्हणजे तात्यांच्या स्टँडवरचं सायकलचं चाक आहे. त्यांच्या अभियांत्रिकीतला निम्मा भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो: एकही तार कधी सैल पडता कामा नये.

आता उरुसातला पाळणा डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास फूट उंच, लोखंडी अँगलचे आडवे-तिरके तुकडे जोडून केलेले दणकट हात, टोकाला पाळणे. ट्रकमधून येतो, दोन दिवसांत उभा राहतो, यात्रा संपली की सुटा होऊन पुढच्या गावाला जातो. लंडन आय १३५ मीटर, म्हणजे साधारण ४४३ फूट उंच आहे. दुबईचा ‘ऐन दुबई’ २५० मीटर. मग हाच उरुसातला पाळणा दहापट मोठा करून का उभा करत नाहीत? तेच अँगल, फक्त जाड आणि लांब.

याचं उत्तर उसाच्या फडात सापडतं. उसाचं एक कांडं दोन्ही तळव्यांत उभं धरून दाबा. काही होत नाही, हात दुखतील. आता पाल्यासकट अख्खा दहा फुटी ऊस जमिनीवर उभा रोवून वरून दाबा. तो मोडायच्या आधी मधूनच कमानीसारखा बाहेर जातो. ऊस तोच, जाडी तीच, फक्त लांबी वाढली. दाबाखाली असलेल्या कुठल्याही लांब दांड्याचं असंच होतं, आणि हिशोब फार कडक आहे. जाडी न बदलता लांबी दुप्पट केली तर दांडा चौथ्या हिश्श्याच्या दाबाला वाकतो. लांबी दहापट केली तर शंभराव्या हिश्श्याला. तोच ऊस दोन्ही टोकांना धरून ओढा. कांडं असो की अख्खा ऊस, ओढताना तो वाकत नाही. उलट सरळ होतो. ओढलेल्या वस्तूला लांबीची भीती नसते.

दुसरी अडचण वजनाची. कुठलीही वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं, पण तिच्या लोखंडाचा छेद, म्हणजे भार पेलणारं क्षेत्रफळ, चारपटच वाढतं. म्हणजे मोठं होताना वस्तू स्वतःच्याच ओझ्याने हळूहळू थकत जाते. उरुसातला पाळणा जसाच्या तसा मोठा करत नेला तर एका आकारानंतर त्याचे हात फक्त स्वतःलाच उचलण्यात खर्ची पडतील. माणसं बसवायला ताकद उरणार नाही.

म्हणून चाकाच्या आत दाबणारे दांडे न घालता ओढणाऱ्या तारा घालायच्या.

बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले जाड लाकडी आरे, भोवती पुठ्ठे आणि त्यावर तापवून बसवलेली लोखंडी धाव. गाडीचं ओझं तुंब्यावर येतं, तुंबा खालच्या आऱ्यावर बसतो आणि आरा जमिनीवर. आरा खांबासारखा उभा राहून भार घेतो, म्हणून तो जाड लागतो. सायकलची तार दोन मिलिमीटर जाडीची. ती खांबासारखी उभी राहूच शकत नाही, बोटाने दाबली तरी वाकेल. तरीही तिच्या जोरावर एक माणूस, मागे बसलेली बायको, पुढे पोरगं आणि हँडलला दुधाची किटली एवढं सगळं आरामात जातं. हे कसं, ते समजलं की महाकाय पाळणा समजला.

सायकलच्या चाकात तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. कोणी बसायच्या आधी, चाक रिकामं असतानाच, प्रत्येक तार रिमला आतल्या बाजूला खेचत असते. चारी बाजूंनी सारखी खेच लागल्यामुळे रिम आवळली जाते. पंचगंगेवरचा जुना दगडी शिवाजी पूल बघा. त्याच्या कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, म्हणून कमान पडत नाही. चाकाची रिम म्हणजे पूर्ण गोल झालेली कमान. तारा तिला आत ओढतात, ती आवळून घट्ट होते, आणि दोघांच्या ओढाताणीतून एक कडक चाक तयार होतं. पातळ पत्रा आणि बारीक तारा, पण जोडी ताठ.

पाळण्यात हे असं चालतं. मधला हब, म्हणजे चाकाचा तुंबा, दोन मोठ्या पायांनी हवेत धरलेला असतो आणि रिम त्याच्याभोवती तारांनी बांधलेली असते. हबच्या खालच्या बाजूला रिम आणि कॅप्सूल, म्हणजे माणसं बसायच्या बंद खोल्या, तारांना लटकतात, म्हणून खालच्या तारांवरचा ताण वाढतो. वरच्या बाजूला रिमचं वजन खाली हबकडे येऊ बघतं, म्हणून वरच्या तारांवरचा ताण कमी होतो. समजा, प्रत्येक तारेत आधी १०० टनांचा ताण भरून ठेवला आणि वजनाने त्यात ३० टनांचा फरक पडला. खालच्या तारेत १३० होतील, वरच्या तारेत ७०. दोन्ही तारा ताठच आहेत. आता सुरुवातीचा ताण २० टनच ठेवला असता तर? खाली ५०, आणि वर हिशोब शून्याच्या खाली. पण तार ढकलू शकत नाही. ती शून्याला पोहोचली की लोंबकळते, रिमला त्या जागी आधार उरत नाही आणि तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. “ही कामच करंना झालीया” ती ही अवस्था. भार येण्याच्या आधीच ताण भरून ठेवायचा, तो यासाठी.

लंडन आयला अशा ६४ केबल आहेत, प्रत्येक सुमारे ७० मिलिमीटर जाड. त्या हबच्या एका टोकापासून नाही, दोन्ही टोकांपासून रिमकडे येतात. समोरून बघितलं तर सरळ दिसतात, पण बाजूने बघितलं तर निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. सायकलच्या हबलाही दोन कडा असतात आणि तारा आळीपाळीने दोन्हीकडून येतात, त्याचं कारण हेच. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठी नाचवताना तिला बांधलेले दोर माणसं वेगवेगळ्या दिशांना ताणून धरतात. एकाच बाजूला दोर असते तर काठी दुसऱ्या बाजूला गेली असती. रिमचंही तसंच आहे. दोन्हीकडून ओढ असल्यामुळे ती वाऱ्याने आडवी झुलत नाही.

या ६४ शिवाय आणखी १६ केबल आहेत, तिरक्या लावलेल्या. सायकलच्या मागच्या चाकाकडे बघा. तारा हबपासून सरळ बाहेर न जाता तिरक्या, एकमेकींना ओलांडून जातात. चेन हबला फिरवते आणि ती पिळ्याची ताकद रिमपर्यंत पोहोचायला तारा तिरक्या लागतात. अगदी सरळ तारांनी हब नुसता आतल्या आत थोडा फिरेल, मग तारा तिरप्या होतील आणि तेव्हा रिम हलेल. पाळण्यात उलटं होतं. ताकद रिमला लावतात आणि हबला सोबत यायचं असतं. पण उपाय तोच.

ही कल्पना लंडनवाल्यांची नव्हे. १८८९ मध्ये पॅरिसने आयफेल टॉवर उभा केला होता आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला त्याच्या तोडीचं काहीतरी हवं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस हा तिशीतला पूल बांधणारा इंजिनिअर चाकाचा आराखडा घेऊन आला. २५० फूट व्यासाचं, २६४ फूट उंचीचं चाक, त्याला ३६ डबे, आणि प्रत्येक डब्यात ६० माणसं. आरे म्हणून त्याने पोलादी सळया ताणून वापरल्या. एवढं मोठं चाक इतक्या बारीक सळयांवर उभं राहील यावर जाणत्या लोकांचाही विश्वास नव्हता, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. तोवर मोठं चाक म्हणजे जाड आऱ्यांचं चाक, हेच बहुतेकांनी पाहिलेलं होतं. प्रदर्शन १ मे रोजी सुरू झालं, चाक २१ जूनला. दोन इंजिनं होती, हजार-हजार अश्वशक्तीची, त्यातलं एक राखीव. ते चाक व्यवस्थित चाललं. फेरिस मात्र १८९६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. चाक नंतर सेंट लुईसच्या १९०४ च्या प्रदर्शनात उभं राहिलं आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. व्हिएन्नातलं १८९७ चं चाक आजही फिरतं. जळून गेल्यावर पुन्हा उभं केलेलं, पूर्वीच्या निम्म्या डब्यांचं, पण जागा तीच.

आता मधल्या भागाकडे येतो. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला पाळण्यातला सगळ्यात अवघड भाग कुठला विचारलं तर तो रिमकडे बोट दाखवणार नाही, हब आणि आसाकडे दाखवेल. सगळ्या केबलांची ओढ तिथे एकत्र येते. लंडन आयचा आस २३ मीटर लांबीचा आहे, आणि आस आणि हब मिळून सुमारे ३३० टन वजन आहे. हे काम चेक प्रजासत्ताकात स्कोडाच्या पोलाद कारखान्यात झालं. आस एका ओतकामात निघण्याच्या पलीकडचा होता, म्हणून तो आठ तुकड्यांत ओतला. हबसाठी दोन प्रचंड कडी वेगळी ओतली.

एवढं पोलाद ओतायचं म्हणजे काय, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. बाहेरची साल आधी घट्ट होते, आतला भाग उशिरा. आतला भाग आकसताना त्याला भरायला धातू मिळाला नाही तर पोकळी राहते, आणि बाहेरून कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा, एकदम गोजिरवाणं दिसतं. म्हणून वर रायझर ठेवतात, जो सगळ्यात शेवटी थिजतो आणि खालच्या भागाला धातू पुरवत राहतो. पंपाच्या बॉडीत अशी पोकळी निघाली तर माल परत येतो. पाळण्याच्या आसात निघाली तर तिथून तडा सुरू होऊ शकतो. त्यामुळे असं कास्टिंग अल्ट्रासॉनिक तपासणीतून जातं. ध्वनिलहर आत सोडायची आणि पोकळीवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा.

तडा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बांधणीची तार दोन्ही हातांत धरून एकदा वाकवली तर तुटत नाही. पुढे-मागे वीस वेळा वाकवली की तुटते. प्रत्येक वेळचा जोर कमीच होता, पण तो परत परत आला. याला धातूचा थकवा म्हणतात. पाळण्याची प्रत्येक केबल प्रत्येक फेरीत एकदा जास्त ताणते आणि एकदा थोडी सैलावते. अर्ध्या तासाची फेरी धरली आणि दिवसाला दहा तास पाळणा चालला तर दिवसात २० वेळा, वर्षात ७,३०० वेळा, २५ वर्षांत १,८२,५०० वेळा. म्हणून डिझाईन करणारा माणूस ‘हे एकदा किती पेलेल’ एवढं बघून थांबत नाही. दोन लाखाव्या वेळी काय होईल, ते त्याला आज कागदावर मांडावं लागतं. वेल्डिंगची कड आणि भोकाचा काठ या अशा थकव्याच्या आवडत्या जागा.

एवढं मोठं चाक फिरवायला किती ताकद लागत असेल? मी बऱ्याच जणांना विचारतो, आणि उत्तर हजारांत येतं. जरा हिशोब करू. लंडन आयला ३२ कॅप्सूल आहेत, प्रत्येकी सुमारे १० टनांच्या. (शेवटच्या कॅप्सूलचा क्रमांक ३३ आहे, कारण १३ हा आकडा वगळलाय.) पण ३२ कॅप्सूल चाकाभोवती सारख्या पसरलेल्या आहेत. एका बाजूची जेवढी खाली येते तेवढीच दुसऱ्या बाजूची वर जाते. तागडीत दोन्हीकडे सारखं वजन असलं की बोटानेही हलते. फरक पडतो तो माणसांनी. एका कॅप्सूलमध्ये २५ माणसं, सरासरी ७० किलो धरली तर पावणेदोन टन. सगळ्यात वाईट प्रसंग घेऊ: चढणाऱ्या बाजूच्या १६ कॅप्सूल गच्च भरलेल्या, उतरणाऱ्या सगळ्या रिकाम्या. २८ टनांचा फरक. यातली काही माणसं आसाच्या वर-खाली असल्यामुळे त्यांचा फारसा जोर लागत नाही. गणित केलं की रिमच्या काठावर साधारण १८ टनांची ओढ लागते. रिमचा वेग सेकंदाला २६ सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार येतो सुमारे ४५ किलोवॅट, म्हणजे ६० अश्वशक्ती.

हा उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा आकडा आहे. घर्षण, वारा आणि सुरक्षेसाठी राखीव ताकद यांमुळे प्रत्यक्षात यंत्रणा मोठी ठेवावी लागते, पण अंदाज यायला एवढं पुरे. काम हलकं होण्यामागे समतोलाबरोबर आणखी एक युक्ती आहे: चाक मधून न फिरवता काठावरून फिरवायचं. आसाला धरून फिरवायला गेलो असतो तर तीच ताकद कित्येक पटीने मोठा पिळा देऊन लावावी लागली असती. काठावर ६० मीटरची तरफ आयती मिळते. खाली रिमच्या कडेला रबरी टायर दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि टायर फिरवतात. फेरिसने या जागी साखळी वापरली होती.

इथेच एक जुनी समजूत दुरुस्त होते. मोठ्या पाळण्यात माणसांचं वजन ही मुख्य चिंता नसते. ८०० माणसं म्हणजे ५६ टन, आणि नुसत्या रिकाम्या कॅप्सूलच ३२० टन. खरी चिंता वाऱ्याची.

वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. शिवाय जमिनीपासून वर जाल तसा वारा वाढतो. मोठ्या वाऱ्यात पाळणा थांबवतात, पण रिकामा असला तरी त्याला उभं राहायचंच असतं. आणि वारा नुसता ढकलत नाही. गोल तारेवरून जाताना तिच्या मागे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला भोवरे सुटतात, आणि तार तालात हलू लागते. वादळी रात्री विजेच्या तारा गुणगुणतात त्या याच कारणाने. महामार्गाच्या कडेने जाताना मोठ्या वीजवाहिन्यांवर टॉवरजवळ डंबेलसारखे छोटे गोळे लटकलेले दिसतात, ते ही थरथर खाऊन टाकण्यासाठी असतात. पाळण्यातही अशी थरथर शोषणारी साधनं बसवावी लागतात. नाहीतर फेऱ्यांच्या दीड-दोन लाख हेलकाव्यांवर वाऱ्याचे कोट्यवधी हेलकावे चढतील.

चाक तयार झालं, पण उभं कसं करायचं? लंडनवाल्यांनी केलं ते मला अजूनही धाडसी वाटतं. चाकाचे भाग बार्जवरून, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींवरून, थेम्समधून आणले, नदीवर तात्पुरते ओटे बांधले आणि अख्खं चाक पाण्यावर आडवं जोडलं. भाकरी परातीत थापावी तसं. आडवं जोडण्याचा फायदा असा की उंचावरचं जोखमीचं काम कमी होतं. मग ते एका कडेला बिजागरीसारखं धरून जॅक आणि केबलांनी उचललं. सप्टेंबर १९९९ मधला पहिला प्रयत्न केबलच्या जोडणीत बिघाड झाल्यामुळे सोडून द्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरुवात केली. ताशी सुमारे २ अंश, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्यापेक्षाही पंधरापट सावकाश. ६५ अंशांवर आठवडाभर थांबले, मग पूर्ण उभं केलं. कॅप्सूल त्यानंतर लावल्या. ३१ डिसेंबर १९९९ ला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या हस्ते उद्घाटन झालं, पण एका कॅप्सूलच्या क्लचमध्ये दोष निघाला म्हणून लोकांना मार्च २००० पर्यंत बसू दिलं नाही. अख्ख्या जगाचं लक्ष असताना ‘आज नाही’ म्हणायला मोठी हिंमत लागते. मी तरी या सगळ्या प्रकल्पात त्या निर्णयाला वरची जागा देईन.

सगळीकडे अशी रुंद नदी नसते. तिथे आधी पाय आणि हब उभा करतात, मग रिमचा एकेक तुकडा तात्पुरत्या कडक दांड्यांनी हबला जोडत चाक थोडं थोडं फिरवत नेतात. अर्धवट चाक हे पूर्ण चाकापेक्षा धोक्याचं, कारण तागडी एकाच बाजूला भरलेली असते. शेवटचा तुकडा बसून गोल पूर्ण झाला की तारा ताणायच्या आणि दांडे काढायचे.

पायाचा विषय आपल्या गावात आणून बघू. समजा, कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असा पाळणा उभा करायचा ठरवलं. लंडन आय नदीवर पुढे झुकलेला आहे. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला आहेत आणि मागून केबलांनी त्याला धरून ठेवलंय. म्हणून त्याला दोन पाये आहेत. पुढचा जमिनीत दाबला जातो: २,२०० टन काँक्रीट आणि ३३ मीटर खोल ४४ पाईल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब. मागचा जमिनीतून उपटला जाऊ बघतो: तिथे १,२०० टन काँक्रीट नुसतं वजन म्हणून बसलेलं आहे.

आपल्याकडे वर काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर काहीही टेकवता येणार नाही. खाली बेसाल्टचा खडक आहे, आणि तो चांगला लागला तर मागच्या पायाच्या सळया थेट खडकात भोकं पाडून सिमेंटने पकडता येतील. पण खरी गोम पुराची. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आता विहिरीत घागर पाण्यात असताना हलकी लागते आणि बाहेर आली की जड होते, हे सगळ्यांना माहीत आहे. काँक्रीटचंही तसंच. एक घनमीटर काँक्रीट २.४ टनांचं, पण पाण्यात बुडलं की एक टन उणे. म्हणजे पाळण्याला धरून ठेवायला बसवलेला १,२०० टनांचा ठोकळा पूर्ण बुडाला तर ७०० टनांचंच काम करेल. पुराच्या दिवशीच वारा असणार, आणि नेमका त्याच दिवशी पाया हलका झालेला असणार. कोल्हापूरच्या इंजिनिअरला हा हिशोब पहिल्या पानावर मांडावा लागेल.

बसणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. उरुसातल्या पाळण्यात मात्र पोटात गोळा येतो, आणि त्याचंही गणित साधं आहे. सहा मीटर त्रिज्येचा पाळणा दहा सेकंदांत एक फेरी मारत असेल तर ६० किलोच्या माणसाला वरच्या टोकावर आपण ४५ किलोचे झालो असं वाटतं आणि खालून जाताना ७५ किलोचे. दहा सेकंदांत शरीर एकदा हलकं, एकदा जड होतं. लंडन आयमध्ये हा फरक जेमतेम काही ग्रॅमचा येतो, कप भरून चहा ठेवला तरी हिंदकळणार नाही. वेग इतका कमी की बहुतेक वेळा चाक न थांबवताच माणसं चढतात-उतरतात. उरुसातला पाळणा खिळीला लटकलेला असतो आणि आपल्या वजनाने सरळ राहतो. मोठ्या पाळण्यात कॅप्सूल रिमच्या बाहेरच्या अंगाला गोल कड्यांत बसवतात, म्हणजे वर गेल्यावर समोर लोखंड येत नाही. तिथे ती सरळ ठेवायला मोटर लागते.

आणि बंद पडला तर? डिसेंबर २००८ मध्ये सिंगापूर फ्लायरच्या नियंत्रण यंत्रणेत आग लागली आणि १७३ माणसं सुमारे सहा तास अडकली. चाक पडलं नाही, पडायचं काही कारणच नव्हतं, पण फिरवणारी ताकद गेली. म्हणून आता राखीव यंत्रणा पूर्ण वेगळी ठेवायचा आग्रह असतो. ब्रेकचंही तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. वीज किंवा तेलाचा दाब ब्रेकला उघडा धरतो, स्प्रिंग त्याला बंद करायला टपलेली असते. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की कोणी बटण न दाबता उघडतात. सुरक्षितता अशी असावी की ती यायला कोणाच्या जागं असण्याची गरज पडू नये.

मी चौथीत असताना एका गावच्या उरुसात पाळणा अडकला होता. आम्ही वर, खाली माणसांची पळापळ, आणि शेवटी चार जणांनी हाताने फिरवून आम्हाला उतरवलं. बेअरिंग कोरडं पडलं होतं, एवढंच कारण. ग्रीसचा एक डबा. तेव्हापासून मी पाळण्यात बसायच्या आधी खिळ्या आणि त्यांच्या पिना बघतो, वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक रेघ आहे का बघतो, आणि मुलांनाही बघायला शिकवलंय. लहान पाळण्यालाही तोच थकवा येतो, तोच वारा लागतो. फक्त तिथे अल्ट्रासॉनिक यंत्र नसतं, त्यामुळे डोळ्यांनी जास्त काम करावं लागतं.

मोठ्या केबलांचा ताण तपासायची एक रूढ रीत ऐकून तात्या खूश झाले असते. केबलला हलका धक्का देतात आणि ती सेकंदाला किती वेळा हलते ते मोजतात. जास्त ताण असेल तर जास्त वेळा, सैल असेल तर कमी. ६० मीटर लांब, ७० मिलिमीटर जाड केबलमध्ये १०० टनांचा ताण असेल तर ती सेकंदाला साधारण दीड वेळा हलते. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपेक्षा कमी हेलकावे ऐकू येत नाहीत, म्हणून केबलवर सेन्सर चिकटवून आलेख काढतात. आलेखात एखादी रेघ बाकीच्यांपेक्षा खाली दिसली की तिथे माणूस पाठवायचा, जॅक लावायचा आणि ती तार पुन्हा कामाला लावायची.